धुळाप्पाची फौज लेकीच्या रानात

रविवारी खजुरी गावात आमच्या धुळाप्पा दाजींच्या घरावरून गेलात, तर आतून तोफांचे आवाज येतील. घाबरू नका. दाजी राज्य करत असतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हाळसाचे, यजमान. थोडं तुरीचं रान, दुखरे गुडघे आणि न दुखणारा हट्ट, एवढी त्यांची इस्टेट. लेक तुळजा बेंगळुरूला नोकरीला. बाप-लेकीचं सगळं बोलणं आईच्या तोंडून व्हायचं. म्हाळसा गेली आणि फोनवर एवढंच उरलं: "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवले." मग दोन्हीकडं चिडीचूप. शेजारी बसून ते ऐकताना मला जीव नकोसा व्हायचा.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, तुळजानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात लढाईचा खेळ होता: जुन्या काळचे सुलतान, राजे, किल्ले, हत्ती, धान्याची कोठारं. "अप्पा, शिका. दर रविवारी तुम्ही हितून, मी तिथून खेळू." दाजींनी ते मनावर घेतलं. खेळ जमला तर लेक रविवारभर बोलणार, नाही तर पुन्हा "जेवलात?"

शिकणं काय विचारता! आधी कॉम्प्युटरला आमच्या मैलार देवाचा भंडारा लावला. बटणं अजून पिवळी आहेत. मग हत्ती मिळाले, तर ते लढाईला धाडेनात. "येवढं जनावर कापायला पाठवू व्हय?" हत्ती किल्ल्यात बसून खात राहिले आणि शिपाई उपाशी मेले.

"दाजी, हे राज्य हाय का कोंडवाडा?" मी विचारलं.

"शिरशैल, तू कपडे शीव. राजकारण तुझ्या मापाचं न्हाई."

तरी हळूहळू जमलं. शेजारचंच राज्य तुळजाचं, दोघांचं सख्य. एका रविवारी तिचं पीक बुडालेलं दाजींना दिसलं आणि त्यांच्यातला धनगर जागा झाला. त्यांचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. काळ्या रानात रात्री कळप बसवायचा, लेंड्यांनी रान खतावायचं आणि रानाच्या मालकानं त्याबद्दल जोंधळा द्यायचा, ही आमची पिढ्यांची रीत. दाजींकडं घोडे, बैल, हत्ती रिकामेच होते. न विचारता सगळी फौज त्यांनी लेकीच्या मुलखात नेऊन बसवली. मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मलाही यात वावगं काही दिसलं नाही.

पडदा लालभडक झाला. नगारे वाजले. लगेच फोन.

"अप्पा! माझ्यावर चढाई कामून करायलात?"

"चढाई न्हाई गं बाई. जनावरं बसवायलाव. तुझं रान खतावंल."

मग तुळजा हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून, धाप लागेस्तोवर. दाजींनी फोन माझ्या कानाला लावला. माझे डोळे भरून आले.

पण खेळाला आमची रीत कुठली ठाऊक? युद्ध पेटलं ते पेटलंच. खेळाच्या भरात तुळजाची फौज दाजींचे किल्ले घेत सुटली. शेवटी एकच उरला.

"हार माना की. लेकीपुढं कसली लाज?" मी म्हणालो.

"लाज न्हाई रं. हरलो की खेळ संपला. मग रविवारी तिच्यासंगं काय बोलू?"

पुढच्या रविवारी तुळजाची फौज त्या किल्ल्याभोवती येऊन थांबली. तोफ काही वाजेना. पडद्यावर नुसते तंबू उभे राहिले. दाजींनी फोन लावला.

"कामून थांबलीस? घाल की तोफ."

"तोफ कशाला? माझी जनावरं तुमच्या रानात बसवल्यात, अप्पा. आता जोंधळा द्यावा लागतंय. रीत हाय न्हवं?"

दाजी गडबडले. "व्हय, हाय की. पर कसा देऊ? ह्यात बटण कुठलं?"

"बटण न्हाई. मीच यायलेय न्यायला, शनिवारी. जेवायलाच येते."

दाजींनी फोन ठेवला. शनिवार अजून लांब होता. ते उठले, आत गेले आणि म्हाळसाचं सूप घेऊन जोंधळा पाखडायला बसले.