देवरावने अडवलेलं पाणी

त्या पावसाळ्यात आमची तुकडी एका डोंगरी चौकीखाली वॉटर पॉइंटवर होती. नाल्याचं पाणी पंपाने टाकीत घ्यायचं, तुरटीने गाळ बसवायचा, क्लोरीन घालून वर कंपनीला पाठवायचं. मी हवालदार. माझ्या हाताखाली नंदनवनचा नाईक देवराव. दोघेही नागपूरचे, म्हणून भांडण घरच्या भाषेत व्हायचं.

टाकीतलं पाणी देवराव एका लांब, पारदर्शक नळीत भरून वरून बघायचा. नळीच्या तळाला काळी फुली होती. ती दिसली, तरच पुढे क्लोरीन. नितळ पाणी शुद्धच असतं असं नाही. पण गढूळ पाण्यात क्लोरीनचा भरवसा नसतो.

एका पहाटे वर दरड कोसळली. सहा वाजता नाला चहासारखा झाला होता. रेडिओ वाजला.

"वॉटर पॉइंट, वरच्या टाक्या रिकाम्या. पाणी कधी? ओव्हर."

मी तापलो. "देवराव, क्लोरीन डबल टाक अन् दे सोडून."

"नाही जमत, उस्ताद."

"काहून नाही जमत?"

"औषध मातीतच खर्च होते. जंतू मातीआड लपून राहते. सारी कंपनी हगवणीनं पडन. तीन तास द्या."

"दोन."

"भाजीबजार आहे का हा? अडीच घ्या. तुमचंही मन राहिलं."

मी रेडिओवर साडेआठ सांगितलं. शिव्या मी खाल्ल्या.

पण पंप नुसता चिखल ओढत होता. पाइपाचं तोंड गाळात रुतलं होतं. देवराव कमरेला दोर बांधून नाल्यात उतरला. सात वाजता त्याने पाइपाचं तोंड वर उचलून दगडाला बांधलं. लगेच काठ खचला. दोर तुटला. देवराव लोंढ्यात वाहून गेला, हाती आला तो मेलेला.

आठ वाजता मी नळी भरली. मला फुली दिसेना. शेजारच्या जवानाला बघायला सांगितलं. तो म्हणाला, "साफ दिखता है, उस्ताद."

क्लोरीन घातलं, अर्धा तास थांबलो, मग पाणी सोडलं. चौकीवर एकही माणूस आजारी पडला नाही.

कागदावर मात्र 'अपघात' एवढंच लिहिलं गेलं. आज नागपूरच्या इतवारी बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर घासाघीस करून जिंकतो. तो एक शब्द बदलून 'कर्तव्यावर मृत्यू' करून घेणं अजून जमलेलं नाही. अर्ज चालू आहेत.

गेल्या महिन्यात देवरावच्या आईकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "माह्या पोरानं तिथं केलं काय गा?"

"मावशी, त्यानं कोणाले खराब पाणी पिऊ नाही दिलं."

त्या हसल्या.

"घरी तं पाण्याचा गिलास हातात द्या लागे त्याले."