मंजनाचे डोहाळे

तिसरा महिना लागला आणि मला टूथपेस्टचा वास सोसेना. ब्रश तोंडात गेला की पोटातलं सगळं बाहेर. मग मी ब्रश करणंच सोडलं. थोड्याच दिवसांत हिरड्या सुजून आल्या, भाकरीचा तुकडा चावला तरी रक्त यायचं. शाळेत रजा टाकून मी बुलढाण्याहून माहेरी, जानेफळला आले. सासरी छळ वगैरे काही नव्हता, पण दुखायला लागलं की माणसाला आपलीच आई लागते.

आईनं मोबाइलच्या उजेडात माझं तोंड पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत मंजन करून ठेवलं. बाभळीची साल, लवंग आणि मीठ, असं तिनं सांगितलं. काळंभोर होतं. हिरडीवर चोळलं की आधी चुरचुरायचं, डोकं जरा गरगरायचं, आणि मग ठणका गायब. मी नवऱ्याला फोन करून ऐकवलं, तुमचे डॉक्टर राहू द्या, माझ्या आईच्या हाताला गुण आहे.

हळूहळू ते सकाळचं मंजन दुपारी लागायला लागलं, मग प्रत्येक जेवणानंतर. नाही लावलं की जीव कासावीस व्हायचा, वहिनीवर मी उगाच खेकसायचे. वहिनी म्हणाली, कुणाला चिंचेचे लागतात, कुणाला मातीचे, हिला मंजनाचे डोहाळे लागलेत. सगळे हसले. आईही हसली. ते हसू आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मेहकरला तपासणीला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी मला दाताच्या डॉक्टरकडे धाडलं. तीही बाईच, वयानं माझ्याहून लहान. दिवस गेले की हिरड्या सुजतात, म्हणाली, म्हणून घासणं सोडायचं नाही. मऊ ब्रश घ्या, पेस्टचा वास नको तर नुसत्या पाण्यानं घासा, उलटी झाली की चूळ भरा. हिरड्या साफ करून घ्यायला हे मधले महिने चांगले, बाळाला काही होत नाही. मग तिनं विचारलं, मिश्री कधीपासून लावता?

मी भडकले. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून दळलेला तंबाखू. आमच्याकडे कितीतरी बायका ती दातांना लावतात आणि जन्मभर सुटत नाहीत. आईही लावायची, पण माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं ती सोडली होती. हे सगळं मी त्या डॉक्टरला सुनावलं. तिनं वाद घातला नाही. मंजनाची डबी माझ्या पर्समध्येच असायची. ती तिनं उघडायला लावली, हुंगली आणि माझ्यापुढे धरली. लवंगेच्या खाली तोच वास होता, लहानपणी आईच्या पदराला यायचा तो. बाळाचं वजन भरत नाही यानं, आजच बंद करा, एवढंच ती म्हणाली.

घरी आई तुरी निवडत बसली होती. मी डबी तिच्यासमोर ठेवली. तिनं नाकारलंही नाही.

"तुह्यं दुखणं मले पाह्यल्या जात नव्हतं," ती म्हणाली. "तुमा भावंडायच्या वक्ती मी बी हेच लावलं."

"माय, मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं त लावलं असतं काय तुनं?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी नाही म्हणेन हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर लवंग घातली. आणि मिश्री घरात होतीच, म्हणजे माझ्या डोक्यावरची शपथही खोटी. परक्या बाईनं हे केलं असतं तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

हिरड्या साफ करून घेतल्या, मंजन सोडलं, सोडताना रडले. मुलगी झाली, अंगानं फार बारीक. कशानं ते सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. बाळंतपणाला बुलढाण्याला आईच आली, दुसरं कोण येणार? एकदा बाळ रडायला लागलं तसं तिनं चोखायला म्हणून आपली करंगळी त्याच्या तोंडाशी नेली. मी तिचं मनगट धरलं. तिनं मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, परत आली आणि दोन्ही तळवे माझ्या नाकाशी धरले.

"घे, पाह्य," ती म्हणाली.

मी वास घेतला. साबणाचाच होता. तरी बाळ मी माझ्याकडे ओढून घेतलं.