श्वास रोखा, हलू नका
आमच्या वन्सं, म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण मंदाकिनी, बासष्टाव्या वर्षी गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर फिरायला लागल्या, तेव्हा त्याचा ताप सगळ्या डोंबिवलीत एकटीला मला झाला. कारण पिशवी धरायला मी. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, कल्याणच्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं लोकांचे एक्सरे काढले. "अगं कला, जन्मभर माणसांची हाडं बघितली, आता तोंडं बघायचीत," म्हणाल्या आणि ठाण्याला महिपत सरांच्या रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घालून आल्या.

महिपत सर जुन्या वळणाचे. त्यांनी वन्संना स्वतःचा रोलवाला कॅमेरा वापरायला दिला. फोकस हाताने फिरवा, उजेडाचं माप हाताने लावा, छत्तीस फोटो काढा आणि काय आलंय ते रोल धुतल्यावर बघा. एवढी कटकट कशाला, हातात मोबाइल आहे की, असं मी म्हटलं, तर वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट पिशवी उचलली.

पहिल्या रोलची गंमत तर ऐका. "रोल धुवायला मला काय शिकवायचंय," म्हणत वन्सं बाथरूममध्ये लाल दिवा लावून बसल्या. एक्सरेच्या फिल्मला लाल उजेड चालायचा, ह्या रोलला ठार काळोख लागतो. छत्तीसच्या छत्तीस फोटो गेले. मी हसले, तर दोन दिवस अबोला.

दुसरा, तिसरा रोल छान धुतला गेला. पण प्रत्येक फोटोत माणूस छाती काढून ताठ. का, तर बटण दाबायच्या आधी वन्सं दवाखान्यातल्या आवाजात सांगायच्या, "श्वास रोखा, हलू नका." आणि लोक ऐकायचे हो. कळव्याला एक हमाल डोक्यावर पाटी घेऊन श्वास रोखून उभा राहिला, बिचाऱ्याचे डोळे बाहेर आलेले. जित्याची खोड, दुसरं काय.

सरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "मंदाकिनीबाई, ही रस्त्यावरची माणसं नाहीत, तुमचे पेशंट आहेत." दिवाळीत वर्गाचं प्रदर्शन लागणार होतं, प्रत्येकाचा एक फोटो. चौथ्या रोलमध्ये एक तरी जिवंत माणूस आला तर लावतो, नाहीतर ह्या वर्षी राहू द्या, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. वन्सं घरी येऊन म्हणाल्या, "हा रोल फुकट गेला तर कॅमेरा परत देऊन टाकणार." त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी नावं ठेवते खरी, पण कॅमेरा हातात आल्यापासून ह्या बाईच्या तोंडावर जो आनंद मी बघितला, तो आधी कधीच बघितला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी आम्ही कल्याणच्या फुलबाजारात गेलो. झेंडूचे ढीग, ओरडाआरडा, ताडपत्रीखाली कोंदट उजेड. मी वन्संना दम भरला होता, कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. तरी सवयीने तोंडातून 'हलू नका' जायचंच. चौतीस फोटो झाले, पस्तीस झाले. "एकच राहिला गं," म्हणाल्या, आणि कॅमेरा छातीशी धरून उभ्या राहिल्या.

मला ते बघवेना, म्हणून मी खडवलीच्या गोदाकडे झेंडू घ्यायला वळले. दर दसऱ्याला मी तिच्याकडूनच घेते आणि दर दसऱ्याला आमचं भांडण होतं. तिने पाटीत हात घातला, तर तळाला कालची मऊ पडलेली फुलं. मग काय, सुटलाच माझा तोंडाचा पट्टा. "अगं गोदा, ही काय देवाला वाहायची का तुझ्या डोक्यावर?" म्हणत मी ओंजळभर फुलं उचलून तिच्या अंगावर उधळली. गोदा कमरेवर हात ठेवून खदखदा हसायला लागली. तेवढ्यात बाजूने खट्ट असा आवाज झाला. वळून बघते तर वन्सं कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या, चेहरा लालबुंद.

रोल धुतला तेव्हा त्यांनी मला काही दाखवलं नाही. थेट प्रदर्शनात, ठाण्याला भिंतीवर बघते तर मी. तोंड आ वासलेलं, अंबाडा सुटलेला, पदर खांद्यावरून घसरलेला, फुलं हवेत आणि समोर गोदा हसतेय.

"वन्सं, पदर तरी सारखा करू द्यायचात," मी चिडून म्हटलं. "सगळ्या जगाला हलू नका सांगता, मलाच नेमकं नाही सांगितलं?"

"सांगणार कशी? उजेड कमी, जरा हलले असते तर फोटो गेला असता," वन्सं म्हणाल्या. "मीच श्वास रोखलेला."

मी परत फोटोकडे बघितलं, तर त्यात माझे डोळे हसत होते. लग्नाच्या अल्बमपासून आधारकार्डापर्यंत माझ्या सगळ्या फोटोंत मी ओठ मिटून उभी आहे. भांडताना मी इतकी खूश असते, हे मला छप्पन्न वर्षांत माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि तिथे सगळ्यांसमोर मी वन्संचा हात धरला.

आता तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. आमच्या ह्यांनी लग्नाचा फोटो उतरवून त्याच खिळ्याला लावलाय.