मागितल्याशिवाय

श्यामसुंदर बोरकर आळशी नव्हता, पण आळसावर त्याचं भारी प्रेम. प्रोग्रामच्या आळसावर हो! गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी, बैठकीतल्या टेबलाशी बसून तो रुबी नावाच्या भाषेत दुकानांचे, क्लासेसचे, दवाखान्यांचे प्रोग्राम लिहायचा. त्या भाषेत एक सोय आहे, 'लेझी', म्हणजे आळशी. कामांची साखळी जोडून ठेवायची: हे गाळा, ते निवडा, मग त्याचं असं करा. पण शेवटी कोणी निकाल मागितल्याशिवाय प्रोग्राम बोटसुद्धा हलवत नाही. आणि जेवढं मागाल तेवढंच देतो. भेटेल त्याला पकडून श्यामसुंदर हे समजावत बसायचा.

"फुकटची मेहनत काहून करायची, बाप्पा?"

"बरी भाषा सापडली तुम्हाला, तुमच्याच स्वभावाची," बायको ममता हसून म्हणायची.

नेपियर टाउनमधल्या बेबीताईंच्या रक्ततपासणीच्या लॅबचं काम त्याला मिळालं. रिपोर्टमध्ये जिवावर बेतणारा आकडा दिसला, की पेशंटला ताबडतोब मेसेज गेला पाहिजे, एवढीच ताईंची मागणी. यानं मोठ्या हौसेनं साखळी बांधली: सगळे रिपोर्ट घे, धोक्याचे निवड, त्यांना मेसेज पाठव. दाखवायच्या दिवशी प्रोग्रामकडे त्यानं फक्त पहिले तीन मागितले. तीन मेसेज गेले, ताई खूष झाल्या, पेढे आले. घरी येऊन यानं ते चाचणीपुरतं मागणं पुसलं आणि प्रोग्राम चालू करून दिला.

मग काय, सगळं सुरळीत! एक तक्रार नाही. "भैया, तुमचा प्रोग्राम तर फारच शांत आहे हो," ताई म्हणाल्या, आणि हा शहाणा फुलून गेला. अरे, तिथंच काळजात धस्स व्हायला नको होतं? एवढ्या मोठ्या गावात दोन महिने कोणाचंच रक्त बिघडत नाही, असं कुठं असतं का? पण लोकांनाही सवय झाली. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून कागदी रिपोर्ट न्यायलाही कोणी येईना.

ममताला तेव्हा जिना चढताना धाप लागत होती. पाय सुजायचे, तोंड पांढरं पडलेलं. मंगळवारी ती त्याच लॅबमध्ये रक्त देऊन आली. गुरुवारी तिनं विचारलं, "जाऊन रिपोर्ट घेऊन येऊ का?"

"कशाला उन्हात जातेस? काही असतं तर मेसेज आला असता. तू ठणठणीत आहेस."

नवऱ्याच्याच हातचा प्रोग्राम. तिनं विश्वास ठेवला, बिचारीनं.

सोमवारी दुपारी बेबीताईंचा फोन आला. "भैया, राइट टाउनचा एक मुलगा येऊन ओरडून राहिला. त्याच्या वडिलांचं पोटॅशियम भयंकर वाढलेलं होतं. मेसेजच गेला नाही म्हणतो. आता ते आयसीयूत आहेत. असं कसं झालं हो?"

श्यामसुंदरनं लॅपटॉप उघडला. साखळी जशीच्या तशी होती, एकही कडी चुकली नव्हती. फक्त शेवटी निकाल मागणारं कोणी नव्हतं. ते चाचणीचं मागणं पुसल्यावर त्या जागी दुसरं काही लिहायचंच राहिलं होतं. त्या दिवसापासून एक मेसेज गेला नव्हता. एकही नाही.

आतल्या खोलीत ममता पडली होती; तिचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. तिचं नाव शोधून बघावं असं त्याच्या मनात आलं, पण धीर झाला नाही. साखळीच्या टोकाला त्यानं 'फोर्स' लिहिलं. म्हणजे, दे आता, असतील नसतील तेवढे सगळे दे. डोळे मिटून बटण दाबलं.

पडद्यावर नावं धावू लागली. थांबेचनात. कितीतरी घरांत या घटकेला फोन वाजत असतील.

आत ममताचा फोन वाजला.

ती भिंतीला धरत बाहेर आली. दारातच थांबून, फोन डोळ्यांपासून लांब धरून सावकाश वाचू लागली. "हिमोग्लोबिन फार कमी... आजच्या आज डॉक्टरांना भेटा." मग तिनं मान वर केली.

"अहो, इथं तारीख तर मंगळवारची आहे. मग हे आज काहून आलं?"

त्याला तिच्याकडे बघवेना.

"चप्पल घाल, ममता," तो म्हणाला. "आधी दवाखान्यात चल."