लोव्रोची सॅक आणि सिरिलचा अंगठा

लोव्रो पोदलोगरच्या सॅकमध्ये काय नव्हतं ते विचारा, म्हणजे सांगणं सोपं जाईल. खायला काही नव्हतं. बाकी सगळं होतं. लांब स्क्रू, आखूड स्क्रू, नाना जातींचे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, तार, पट्टे, ग्रीजची डबी, भांडी घासायची तारेची घासणी, दोन नळ्यांतला एकत्र कालवून लावायचा गोंद, आणि वर एक अख्खं सुटं बाइंडिंग. गडी पोस्टातून निवृत्त झाला तरी पाठीवरचं ओझं काही उतरलं नाही, असं त्याची बायको तिल्का येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी कळ. दिसायला एवढीशी, पण डोंगरात सगळी मदार तिच्यावर. चढताना पुढून पंजा घट्ट आणि टाच मोकळी, उतरताना टाचही बंद. आणि धाडकन पडलात तर तिनं वेळेवर बूट सोडला पाहिजे, नाहीतर गुडघा कामातून गेला. "कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे जिला कळतं ती भरवशाची," असं लोव्रो बोटं नाचवून सांगायचा.

"तुला यातलं पहिलंच कळतं," तिल्का म्हणायची. "दुसरं कधी शिकणार, म्हाताऱ्या?"

बोहिनच्या खोऱ्यात स्की लावून डोंगरावर जाणारी माणसं पुष्कळ. पण लोव्रोसारखं बाइंडिंगचं वेड कुणाला नव्हतं. त्यांच्या चौघांच्या टोळक्यात तो, तिल्का, त्याचा शाळेपासूनचा मित्र सिरिल सुतार, आणि औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेली झोरा. एका हिवाळ्यात चौघांनीही नवी बाइंडिंग घ्यायची ठरवली. आणि लोव्रोच्या घरी जणू मुलीचं लग्न निघालं. स्थळं बघायला हा बाबा खोऱ्यातल्या सगळ्या दुकानांत जाऊन आला. एक फार हलकं म्हणून नाकारलं. "इतकं हलकं? मग यातलं काय काढून घेतलंय ते सांगा आधी." दुसरं देखणं होतं, पण त्याचे सुटे भाग परदेशातून येणार, म्हणून तेही बाद. तिसरं घरी आणून फळीवर ठोकलं, आणि आठवडाभर जेवताना पायात बूट चढवून टेबलाखाली खटाखट अडकवत-सोडवत बसला. तिल्कानं त्या आठवड्यात बकव्हीटच्या पिठाची उकड, जगंत्सी, शिजवली की जाळली, तिला स्वतःलाच कळलं नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं बाईचं.

शेवटी तिसऱ्यावरच शिक्कामोर्तब झालं. जड, काळं, कुरूप, पण उघडून दुरुस्त करता येणारं. आणि चौघांनी तेच घ्यायचं, सारख्याच स्कीवर बसवायचं. का? तर एकाचं मोडलं तर दुसऱ्याचा भाग त्याला चालावा. गोरेन्स्कोचा माणूस मुळातच चिक्कू, त्याला असा युक्तिवाद लगेच पटतो, शिवाय चार एकदम घेतल्यावर दुकानदारानं भावही खाली आणला. झालं, चार सारख्या जोड्या आल्या. फरक काय तो लोव्रो आपल्या स्कीला पुसून-पुसून आरसा करायचा तेवढाच, पण तो तर सगळ्यांच्याच पुसायचा.

आता खरी गंमत पुढेच. बाइंडिंग इतकं चांगलं निघालं की ते कधी मोडेचना! वर्षं गेली. लोव्रो ओझ्यानं वाकून सगळ्यांच्या मागून फरफटत यायचा, आणि चौघांतल्या कुणाचा स्क्रूसुद्धा हलायचा नाही. झोरा एकदा जोरात आपटली, तेव्हा हा सॅक काढत धावत आला, डोळ्यांत आशा. बाइंडिंगनं सोडायचं तसं सोडलं होतं, आणि झोरा बर्फातून हसत उठली. लोव्रो तिला "लागलं नाही ना?" म्हणाला खरं, पण चेहरा असा पडला होता की झोरालाच वाईट वाटलं.

मग तो तोंडानं भरपाई करायचा. डोंगरातल्या झोपडीत रात्रीची जवाची आणि सुक्या मांसाची खिचडी, रिचेट, ताटात पडली की व्याख्यान सुरू. पंज्याखालचा बर्फ कसा खरवडायचा, गोंद लावलेला स्क्रू कसा काढायचा, भोक सैल झालं तर घासणीची तार कशी भरायची. तिल्का विणायची, झोरा जांभया द्यायची, सिरिल चमचा चाटत छताकडे बघायचा. पालथ्या घड्यावर पाणी! लोव्रोला ते दिसत होतं. आणि मनातून लागतही होतं, पण बोलायचं थांबवणं काही त्याला जमत नव्हतं.

एका शरद ऋतूत खानावळीत सिरिलनं मान खाली घालून विषय काढला.

"लोव्रो, रागावू नकोस. मागच्या वेळी खिंडीत वाऱ्यात आम्ही तुझी वाट बघत गोठलो. तुझं हृदय काही विशीतलं नाही राहिलं. ही सॅक आता माळ्यावर टाक."

"आणि काही मोडलं तर?"

"काय मोडलंय आजपर्यंत?"

 लोव्रोनं बिअरचा ग्लास इकडून तिकडे सरकवला. सॅकशिवाय आपण कोण, हे त्याला कळेना. सिरिल वाट काढणारा, झोरा हवामान ओळखणारी, तिल्का सगळ्यांना धाकात ठेवणारी. आणि आपण? मागून येणारा एक म्हातारा.

"संत जोसेफच्या सणाची चढाई या हंगामातली शेवटची," सिरिल म्हणाला. "तिच्यात एक जरी स्क्रू लागला, तर सॅक राहील. नाही लागला, तर त्यानंतर ती तुझ्या पाठीवर दिसता कामा नये. कबूल?"

लोव्रोनं कबूल केलं. घरी येऊन मात्र दोन दिवस सॅक उघडून स्क्रू मोजत बसला.

मार्चमध्ये जोसेफच्या सणाच्या आदल्या दिवशी चौघं झोपडीवर पोचले. ऊन लख्ख होतं. लोव्रोनं पोचल्या पोचल्या चारी जोड्या पायरीवर मांडल्या, एकेक स्क्रू तपासला, पाणी टिपलं, आणि भिंतीशी एका रांगेत उभ्या केल्या. स्की कशाही टेकवून ठेवलेल्या त्याला बघवत नसत. सगळं ठणठणीत होतं. "मेल्यांनो, एक तरी ढिला व्हा की," असं तो पुटपुटला आणि आत जाऊन दुपारचा डाराडूर झोपला.

उठला तेव्हा सिरिल अंगठ्याला फडकं बांधत होता.

"काय झालं?"

"कॉफीचं भांडं," सिरिल म्हणाला. "तापलं होतं."

"सुतार माणूस तू, आणि भांडं धरता येत नाही?"

सिरिलनं फडक्याची गाठ दातांनी आवळली. एरवी त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या. संध्याकाळी लोव्रो बाहेर डोकावला, तर एक जोडी वाकडी टेकलेली; त्यानं अंधारातच चारी पुसून, हाताला येतील तशा पुन्हा रांगेत मांडल्या.

सकाळी लोव्रो नेहमीसारखा पुन्हा तपासणी करायला वाकला, तोच तिल्कानं त्याची कॉलर धरली. "आज शेवटचा दिवस तरी लोकांना ताटकळत ठेवू नकोस. काल पाहिलंस ना? चल!" खरंच होतं ते. तो गुमान निघाला, पण दाराला कुलूप लावलं की नाही अशी रुखरुख लागते, तशी त्याला वाटभर लागून राहिली.

आणि त्या दिवशी सिरिलच्या अंगात काय आलं होतं कोण जाणे! सिरिल म्हणजे मांजराच्या पावलांनी चढणारा माणूस. आज मात्र तो दर दहा पावलांनी पाय आपटत होता. वळणावर स्की उचलून झटकत होता. एकदा तर उभ्या उभ्या उडी मारली.

"मुंग्या चढल्या का रे?" लोव्रोनं खालून विचारलं.

"पाय गार पडलेत!" सिरिल ओरडला आणि आणखी जोरात आपटला. मग वाकून आपल्या बाइंडिंगकडे असा बघत राहिला, जणू उसने दिलेले पैसे त्यानंच बुडवलेत.

झोरा तिल्काच्या कानात काहीतरी कुजबुजली. तिल्का म्हणाली, "मला काय माहीत? नीट केलंय म्हणाला तो." लोव्रोला वाटलं, बोलत असतील पोतित्साबद्दल. दर वेळी तिल्का करायची तो हा अक्रोडाचा गोड रोल या वेळी सिरिलनं भाजून आणला होता.

खिंड अगदी दिसायला लागली. शेवटचं वळण. लोव्रोनं डावी स्की उचलून फिरवली, वजन टाकलं, आणि खट् झालं. बूट वर आला. बुटाला बाइंडिंगचा पुढचा भाग तसाच चिकटलेला. स्की मात्र खाली बर्फात, चार भोकं वासून पडलेली.

वरच्या तिघांची पावलं जागीच थांबली. वाराही पडला होता मेला.

लोव्रोनं आधी बुटाकडे बघितलं, मग स्कीकडे, मग पुन्हा बुटाकडे. मोडलं होतं. अखेर मोडलं होतं. आणि मोडलं कुणाचं, तर त्याचं स्वतःचं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जन्मभर लोकांना शहाणपण शिकवलं आणि घरच्याच स्क्रूनं नाक कापलं. तो बर्फात मटकन बसला. सॅक खांद्यावरून काढली आणि सिरिलच्या पायाशी ढकलली.

"घे. टाक माळ्यावर."

"अरे, पण स्क्रू लागणार ना आता!" झोरा घाईघाईनं म्हणाली. "अटीप्रमाणे तर तू जिंकलास!"

"कसला जिंकलो? ज्याला स्वतःचे चार स्क्रू राखता आले नाहीत, त्यानं दुसऱ्याचे कशाला बघावेत?" त्याचा आवाज फाटला. "दृष्टी गेली माझी. काल मी हात लावून पाहिले होते. घट्ट वाटले मला. मला घट्ट वाटले, झोरा!"

तिल्काला ते बघवेना. "सिरिल," ती कडाडली, "बोलतोस का मी बोलू?"

सिरिल अंगठ्यावरचं फडकं चाचपत उभा. त्याच्या तोंडाचा रंग स्कीखालच्या बर्फासारखा झाला होता. तेवढ्यात लोव्रोनं सवयीनं तो सुटलेला भाग उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवून जवळ धरला. स्क्रू उपटून आले तर लाकूड फाटून येतं. इथं लाकडाचा कण नव्हता. गोंद सोलपटासारखा अख्खा सुटलेला, आणि स्क्रूंची डोकी निळी पडलेली. तापवली होती ती कुणीतरी.

त्यानं हळूच वर बघितलं. सिरिलच्या अंगठ्याला फडकं.

"दाखव अंगठा."

"कॉफीचं..."

"अंगठा दाखव, गाढवा!"

फोड टपोरा होता. लोव्रो उठला. "माझी लाज काढायची होती तुला? चारचौघांत? सांगायचंस सरळ, येऊ नकोस म्हणून!"

"तुझी नव्हती काढायची!" सिरिल रडकुंडीला आला. "माझी जोडी होती ती! माझ्याच कोपऱ्यात होती! मला काय माहीत तू संध्याकाळी सगळ्या पुसून पुन्हा मांडल्यास ते! माझं मोडणार होतं, आणि तू दुरुस्त करणार होतास. सकाळपासून पाय आपटून आपटून गुडघे गेले माझे!"

"कशाला पण?"

"कशाला म्हणजे? ती सॅक माळ्यावर गेली असती, तर तू आला असतास का पुढच्या वर्षी? तोंड पाडून घरात बसला असतास. अट मीच घातली, आता मागे कशी घेणार? मला काही मान नाही का?"

लोव्रोनं सुटलेला भाग हातात फिरवला. मग तो कामाचं बोलला. "स्क्रूड्रायव्हर कुठला वापरलास? स्क्रूंची डोकी खाल्ली असशील."

"तुझ्याच सॅकमधला. चौकोनी डब्यातला, मोठ्या फुलीचा. दुसरा लावला तर डोकं जातं ना."

"आणि तापवायचं कुणी शिकवलं?"

सिरिलनं त्याच्याकडे वेड्यासारखं बघितलं. "कुणी म्हणजे? दर वर्षी रिचेट खाताना कोण बडबडत असतं? गोंद हट्टी असतो, त्याच्याशी भांडू नये, त्याला ऊब द्यावी..."

"...स्क्रूड्रायव्हरचं टोक चुलीत लाल होऊ देऊ नये, स्क्रूवर टेकवून गप्प बसावं," झोरानं पुढचं घेतलं.

"...आणि जोर लावावा लागला की हात काढावा," तिल्का म्हणाली, "नाहीतर फळी फाडशील आणि माझ्याकडे रडत येशील. पाठ आहे रे बाबा. झोपेतसुद्धा म्हणतोस तू ते."

लोव्रोनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काचा स्वच्छच होत्या. तो पुन्हा पुसायला लागला.

मग कामाला लागले. त्यानं काही मागायच्या आतच झोरानं गोंदाच्या नळ्या काखेत धरल्या, कारण गारठ्यात गोंद कालवत नाही. तिल्कानं घासणीची तार तोडून भोकांत भरली, सिरिलनं स्की गुडघ्यात आवळून धरली. लोव्रोनं स्क्रू बसवले, वरून पट्टा आवळला. गोंद वाळायला वेळ लागतो, म्हणून खिंड राहिली तशी राहिली. पोतित्सा तिथंच बर्फावर बसून खाल्ली. खालून जरा करपली होती.

"तर सॅक राहिली," झोरा हात झटकत म्हणाली.

"नाही," लोव्रो म्हणाला. "लबाडीनं काढलेला स्क्रू अटीत धरत नाहीत. अट ती अट. माझ्या पाठीवर दिसता कामा नये."

तिल्कानं कपाळावर हात मारून घेतला.  सिरिल वाकला, सॅक उचलली आणि आपल्या खांद्यावर घेतली. पट्टे आवळता आवळता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"आई गं! दगड भरलेस का यात?"

तेव्हापासून दर चढाईला सॅक सिरिलच्या पाठीवर असते. तो सगळ्यांच्या मागून धापा टाकत येतो, आणि लोव्रो वर वाऱ्यात उभा राहून त्याच्या नावानं खडे फोडतो. पण त्याला मागे टाकून मात्र कधी जात नाही.