डावीकडचं दार

पाडव्याच्या सकाळी सातारा रस्त्यावरच्या त्या शोरूममध्ये गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडीवर लाल साटीनचं कापड होतं. सेल्समनने माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला, ह्यांना माझ्या शेजारी उभं केलं आणि मोबाइल रोखून म्हणाला, "सर, मॅडम, वन, टू, थ्री!" आम्ही कापड ओढलं. टाळ्या वाजल्या. मी उजवीकडचं दार उघडून आत वाकले, तर खाली तीन पेडल.

लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या डाव्या पायात जोर नाही. क्लच मला दाबता येत नाही. म्हणून तर क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी बुक केली होती. हे त्या सेल्समनला इतक्यांदा सांगितलं होतं की माझा मलाच कंटाळा आला होता. पन्नाशी उलटल्यावर मी गाडी शिकले, लायसन्स काढलं. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या बायका त्याला हौस म्हणतात. म्हणोत बापड्या.

"ही माझी गाडी नाही," मी म्हटलं.

"मॅडम, मॉडेल सेम, कलर सेम. ऑटोमॅटिक वेळेत आलीच नाही. मुहूर्त चुकू नये म्हणून ही ॲडजस्ट केली. डिफरन्स रिफंड होईल ना."

"आणि क्लच कोण दाबणार? तुम्ही येणार रोज?"

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. "सर चालवतील की!"

तेवढ्यात मॅनेजर आला आणि तोही माझ्याशी न बोलता ह्यांच्याकडेच वळला. "सर, तुम्हीच जरा समजवा मॅडमना. मागे लोक खोळंबलेत." मागे खरंच एक अख्खं कुटुंब नटूनथटून उभं होतं आणि आमच्याकडे टक लावून बघत होतं.

मॅनेजरची मला भीती नव्हती. असल्यांना मी पुरून उरते. भीती होती ती ह्यांची. माझा नवरा अतिशय भला माणूस आहे. लग्न झाल्यापासून मला शाळेत नोकरीवर सोडणं, आणणं, बहिणीकडे नेणं, सगळं त्यांनी केलं आणि एकदाही कुरकुर केली नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

"अगं, राहू दे," ते हळूच म्हणाले. "सगळे बघतायत. मी आहे ना. तू म्हणशील तिथे नेईन." त्यांनी मॅनेजरकडून किल्ली घेतली, स्टीअरिंगमागे बसले आणि वाकून माझ्यासाठी डावीकडचं दार उघडलं. "बस."

मी बसले नाही. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढलाच.

"अहो, ह्या दारातून आज आत आले ना, तर जन्मभर डावीकडेच बसेन मी."

ते समोरच्या काचेतून बघत राहिले. हात स्टीअरिंगवरच होते. मागच्या कुटुंबातलं कुणीतरी खोकलं. मला वाटलं, संपलं, आता हे गाडी सुरू करणार.

मग ते उतरले आणि किल्ली मॅनेजरच्या हातावर ठेवली. "हिची गाडी आली की फोन करा. मुहूर्त तुमचा तुम्हाला लखलाभ."

"सर, दोन महिने लागतील!"

"लागू देत," मी म्हटलं आणि पेढ्यांचा बॉक्स बॉनेटवर ठेवून दिला.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. एका सिग्नलला ते बाहेर बघतच म्हणाले, "मला वाटायचं, तुला माझ्याबरोबर यायला आवडतं."

मी त्यांच्याकडे वळले.

"आवडतं हो. पण एकदा तरी तुम्हाला न सांगता कुठेतरी जाऊन यायचंय मला."

"कुठे?" त्यांनी लगेच विचारलं.