मंदार, बाबा आणि रविवारचा गेम

मंदार त्रेचाळिसाव्या वर्षी गेला. सकाळी दाढी करता करता.

आज वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंदार माझा कॉलेजचा मित्र. डोंबिवली पूर्वेला तेव्हा एक सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, त्यातला एक कायम बंद. लेक्चर बुडवून आमचा ग्रुप तिथे जायचा. मुलगी मी एकटीच.

गेम कुठला? स्ट्रॅटेजीचा. लाकडं तोडा, शेती करा, गाव वसवा, सैन्य उभं करा, मग दुसऱ्याच्या गावावर चाल करून जा.

आम्ही सगळे घाईत मरायचो. मंदार नाही.

सुरुवातीला सगळा नकाशा काळा असतो. आपला माणूस जिथे पोचेल तेवढाच उजळतो. मंदार आधी अर्धा तास नुसता नकाशा उजळत बसायचा. आम्ही शिव्या घालायचो. मग तो जिंकायचा.

एकदा आम्ही दोघं एका टीममध्ये होतो. माझ्या गावावर हल्ला झाला. घरं जळायला लागली.

मी ओरडले, "मंदार, सैन्य पाठव ना!"

"दोन मिनिटं थांब."

"अरे सगळं जातंय माझं!"

"जाऊ दे. त्यांचं सगळं सैन्य तुझ्याकडे आलंय. मी मागून त्यांचा किल्ला घेतो."

घेतला. टाळ्या वगैरे झाल्या.

"जिंकलो की आपण," तो म्हणाला.

"तू जिंकलास. मला चारा म्हणून ठेवलंस."

आठ दिवस बोलले नाही मी त्याच्याशी. आता हसू येतं. पण खरं सांगू? त्या गेमचा गुण आणि दोष मी त्याच दिवशी बघितला. डोकं थंड ठेवायला, सगळीकडे एकदम बघायला त्या गेमइतकं चांगलं कोणी शिकवत नाही. फक्त त्यात माणूस म्हणजे एक ठिपका असतो. मेला तर दुसरा बनवायचा.

मग लग्नं, नोकऱ्या. मी ठाण्यात माजिवड्याला आले. आई गेल्यावर बाबांना माझ्याकडे आणलं. त्यांना विसरायला व्हायला लागलेलं. आधी चष्मा, मग नावं, मग रस्ते.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर दार उघडं. बाबा नाहीत.

तासभर मी आणि शेजारपाजारचे वेड्यासारखे धावत होतो. सगळे एकाच रस्त्याला. पोलिसांत सांगून झालं. मग मी मंदारला फोन केला. त्याचं ऑफिस ठाण्यातच होतं. वीस मिनिटांत आला.

आल्या आल्या माझ्या मुलीच्या ड्रॉइंगच्या वहीचं पान फाडलं आणि त्यावर रस्ते काढले.

"धावणं बंद करा सगळ्यांनी. स्नेहल, काका कामाला कुठे होते?"

"कोलशेतला. कंपनीच्या स्टोअर्समध्ये. तीस वर्षं."

"मग तिकडेच निघाले असणार."

दोन बाईक कोलशेत रोडला. एक जण स्टेशनला. एक हायवेच्या बसस्टॉपवर. शेजारच्या काकूंना आमच्या दारात बसवलं, बाबा परत आले तर कोणीतरी हवं म्हणून. बघितलेला रस्ता तो पेनने खोडत होता. त्याच्या आवाजाने माझं डोकं ताळ्यावर आलं, एवढं मात्र खरं.

तीन तास गेले. अख्खं पान खोडून झालं. बाबा नाहीत.

मंदार पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "मी चुकतोय. आपण कुठे गेलो असतो तेच शोधतोय मी. काका दिवसभर काय म्हणत असतात गं?"

"घरी जायचंय म्हणतात. घरात बसून म्हणतात."

तो उठलाच.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये पाच बिल्डिंगा आहेत, सगळ्या सारख्या. आमचं घर चौथ्या मजल्यावर. तो एकेका बिल्डिंगचा चौथा मजला बघत सुटला. मी मागे. तिसऱ्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच नंबरच्या फ्लॅटसमोर, जिन्याच्या पायरीवर बाबा बसले होते. त्या घरातले लोक कामावर गेलेले.

मला बघून म्हणाले, "किती वेळ बेल वाजवतोय. स्नेहल दार उघडत नाही."

मंदार त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. त्याचा शर्ट घामाने चिकटलेला.

"काका, तुमच्यासाठी मी सगळं ठाणं पालथं घातलं."

"का? मी इथेच होतो की."

मंदार हसला आणि हसता हसता रडायला लागला. मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघत होते. मला म्हणाला, "गेममध्ये माणूस आपण सांगू तिथेच जातो गं. सवय लागते त्याची."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. दुपारी, लॅपटॉप घेऊन. बाबांना शेजारी बसवायचा आणि माऊस त्यांच्या हातात द्यायचा. बाबा कुठेही क्लिक करायचे. शेतकरी नदीत जायचे, सैनिक मेंढ्यांमागे. मंदार काही सुधारायचा नाही. बाबांचं गाव दर रविवारी जळायचं आणि हा म्हणायचा, "मस्त काका, आता परत बांधू."

ज्याने आम्हाला कधी एक डाव जिंकू दिला नाही, तो.

तीन वर्षं. एखादाच रविवार चुकला असेल.

तो गेला त्यानंतरच्या रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन बसले. मी काय सांगणार होते? मुलीचा लॅपटॉप आणला, गेम टाकला, बसले त्यांच्या शेजारी.

मला वाटलं, निदान एकदा तरी त्यांचं गाव जिंकू दे. मी शेतातली सगळी माणसं गोळा केली आणि भराभर लढाईला पाठवायला लागले.

बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"कुठे पाठवतेस गं त्यांना? आत्ताशी कामावरून आलेत. जेवू दे की."

मी त्या माणसांना गावातच ठेवलं. अर्ध्या तासाने गाव जळलं. बाबा मजेत होते.

मंदार, त्या रविवारचं मला तुला फोन करून सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

नीट राहा रे, असशील तिथे.